पितृपंधरवड्यातली डिलिव्हरी

परवा नातवाने मोटारसायकल घेतली. सकाळी गेला, रंग पसंत केला, दुपारच्या जेवणाला गाडी घेऊन घरी हजर. वर दुकानदाराने पिशवीत घालून टी-शर्ट दिला, तो वेगळाच. मी विचारलं, "अरे, नंबर लावला कधी होतास?" तो म्हणाला, "कसला नंबर?" आता काय सांगणार, कप्पाळ! तरी सांगतोच. दिवाळी अंकाला लिहून द्या म्हणून संपादक मागे लागलेत आणि मला दुसरं काही येत नाही. उमेदीची सगळी वर्षं मी नगरच्या एका मोटारसायकलच्या शोरूममध्ये मिस्त्री होतो. हात तिथेच काळे झाले, ते अजून पुरते निघालेले नाहीत.

सत्तर-बाहत्तरचा काळ. आमची कंपनी तशा साध्या गाड्याही काढायची, पण एक मॉडेल खास होतं. तांबडा रंग, चकचकीत टाकी, दोन सायलेन्सर. पळायला अशी की सपाट रस्त्यावर एसटी तर सोडाच, पुढाऱ्याची मोटारसुद्धा मागे पडायची. आम्ही तिला नुसतं 'तांबडी' म्हणायचो. कंपनी ती काढायचीच मुळी मोजकी. सगळ्या नगर जिल्ह्यासाठी आमच्या वाट्याला तिमाहीत दोन, फार तर तीन. मुळा धरणाचं पाणी आल्यापासून राहुरीकडे उसाचा पैसा आला होता, साखर कारखान्यांची माणसं होती, कंत्राटदार होते, आणि नगरात लष्कर असल्याने गावोगावची फौजी पोरं. तांबडी सगळ्यांना पाहिजे. कुठून पुरणार?

म्हणून नंबर. अनामत भरायची, नंबर लावायचा आणि चार-चार वर्षं वाट बघायची. नंबर आला की शोरूममधून पोस्टकार्ड जायचं. कार्डापासून पंधरा दिवसांत ज्याच्या नावाचा नंबर त्याने स्वतः येऊन गाडी उचलायची. नाही उचलली, तर नंबर गेला. आणि नंबर गेलेली गाडी मालकाची. ती तो 'ऑन'ने विकायचा. ऑन म्हणजे किमतीच्या वरचे पैसे. ते पावतीवर येत नसत. तांबडीचा ऑन कधी कधी किमतीच्या निम्म्याला भिडायचा. एवढे देऊनही लोक "शेठ, उपकार झाले" म्हणायचे.

आमचे शेठ माणूस म्हणून वाईट नव्हते. नोकराच्या घरचं लग्न असलं की स्वतः यायचे, आहेर करायचे, पंगतीत बसायचे. पण धंद्यात पक्के. त्यांची एक युक्ती होती. भाद्रपदातल्या गाड्या ते गोडाऊनमध्ये खोक्यातच ठेवायचे. गणपती पाण्यात गेले, पौर्णिमा उलटली की मग कार्डं टाकायचे. म्हणजे गिऱ्हाइकाचे पंधरा दिवस आणि पितरांचे पंधरा दिवस बरोबर एकच. पितृपंधरवड्यात नवं वाहन दारात कोण आणतो? पोरीसाठी स्थळ बघत नाहीत लोक, नवं लुगडं घेत नाहीत. सर्वपित्री अमावास्या झाली की सगळे नंबर बाद आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना. त्या दिवशी ऑनवाले हार घेऊन शोरूमच्या पायरीवर उभे.

लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण कळून करणार काय? अकोले तालुक्याच्या डोंगरातून एक भाताचा शेतकरी आला होता. पाच वर्षं थांबलेला. तोही घटस्थापनेलाच आला, पहाटेच्या एसटीने, पिशवीत नारळ घेऊन. त्याच्या डोळ्यांदेखत त्याची गाडी दुसऱ्याने हार घालून नेली. शेठ म्हणाले, "कालपर्यंत का नाही आलात हो? नियम आहे." तो म्हणाला, "काल अमावाशा हुती." शेठ म्हणाले, "मग?" नारळ काउंटरवर ठेवून तो गेला. मी तो नारळ उचलून आतल्या कपाटात टाकला आणि दिवसभर हातात येतील ते पान्हे आपटले. याहून जास्त काय करणार? माझ्या घरी आई होती आणि शिकणारा भाऊ होता.

या युक्तीला एकदाच कुणी पाणी पाजलं. दुष्काळाच्या वर्षी. राहुरीकडचे साळवे गुरुजी, प्राथमिक शाळेवर मास्तर. कार्ड मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी हजर. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. शेठ लगबगीने उठले. "या गुरुजी, या. पण अहो, पितृपक्ष चालू आहे. इतकी काय घाई?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "शेठ, आमच्यात छप्पन सालापासून पितृपक्ष बंद झाला."

शेठना पटकन उमजेना. उमजलं तेव्हा तोंड असं झालं की मी मुद्दाम खोकं फोडायच्या निमित्ताने मागे पळालो आणि पोट धरून हसलो. त्या दिवशी मी गाडी कशी तयार केली असेल! बॅटरीत अॅसिड भरलं, पॉइंट दोनदा तपासले, साखळीला तेल दिलं, टाकी इतकी पुसली की गुरुजींना तीत भांग दिसावा. गुरुजी ती पुढे वीसेक वर्षं वापरत होते. अधूनमधून सर्व्हिसिंगला आले की चहा पाजायचे मला. पण असा आनंदाचा प्रसंग हा एकच. खरं सांगायचं आहे ते दुसरंच.

दुष्काळ सरला आणि पुढच्या साली पाऊस बरा झाला. भाद्रपदात बाजऱ्या कणसाला आल्या होत्या. शेठनी नेहमीप्रमाणे तीन कार्डं टाकली. दोघे फिरकले नाहीत. तिसरं कार्ड घोडेगावच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या भानुदास नावाच्या फौजीचं. तोही येणार नाही असं गृहीत धरून शेठनी ती गाडी एका कंत्राटदाराला बोलून ठेवली होती.

चतुर्दशीचा दिवस. अमावास्येच्या आदला. शोरूममध्ये चिटपाखरू नाही. अकराच्या सुमाराला एक म्हातारा आत आला. म्हातारा तरी कसा म्हणू, पंचावन्नचा असेल. उंच, वाळलेला, धोतर, डोक्याला पांढरं मुंडासं, काखेत कापडी पिशवी. कार्ड पुढे करून उभा राहिला.

शेठनी कार्ड वाचलं. ते शेतकरी दिसला की त्याला पाटीलच म्हणायचे. "बसा पाटील. भानुदास कोण तुमचा?"

"ल्योक."

"मग तो कुठाय? त्याला यावं लागतं. सही त्याची लागते."

"त्यो न्हाई."

"ड्युटीवर असेल तर सुट्टी काढून..."

"ड्युटीवर न्हाई," म्हातारा म्हणाला. "लढाईत गेला. एकाहत्तरच्या."

खोटं कशाला बोलू, शेठनाही लागलं ते. उठून त्यांनी स्वतः पाण्याचा तांब्या आणून दिला. पण माणूस धंदेवाला. पाणी पिऊन होईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "वाईट झालं फार. पण पाटील, कंपनीचा नियम असा आहे की ज्याच्या नावाचा नंबर तोच नसला तर नंबर रद्द होतो. अनामत मी आत्ता देतो परत, व्याजासकट."

"अनामत नगं. गाडी पायजे."

"अहो, नंबरच राहिला नाही तर..."

"गाडी हाय न्हवं तुमच्याकडं?"

"आहे. पण ती आता खुल्या विक्रीची झाली. तिला वरचे पडतील."

मी आतल्या दारात उभा होतो. माझ्या हातात चिंधी होती, ती मी पिळत होतो. मेलेल्या पोराच्या नंबरावर बापाकडून ऑन! आणि बोलायची सोय नाही. मला वाटलं, आता म्हातारा घासाघीस करील. घोडेगावच्या बाजाराकडची माणसं ती. तिथे बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं धरून करतात, आणि बोटाबोटाला समोरच्याला रडवतात. पण ह्याने पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "किती वर ते काढून घ्या."

शेठनी आकडा सांगितला. म्हाताऱ्याने मान हलवली.

"बघा पाटील, नंतर म्हणाल..."

"न्हाई म्हननार. हे त्याचंच पैसं हाय. सरकारनं दिल्यालं. दोन वरीस पेटीत पडल्यात. त्याची आई हात लावत न्हाई, मी लावत न्हाई. बैल घ्यावा म्हटलं तर त्यो बैल औताला कसा जुपायचा? त्याच्या गाडीला जाऊं द्या."

शेठ नोटा मोजत होते. मोजताना एकदा थांबले. मला वाटलं, आता वरचे परत सारतील. तसं काही झालं नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. त्या क्षणी मला त्या माणसाचा जो राग आला, तो ते वारले तेव्हासुद्धा गेला नव्हता. त्यांच्या तेराव्याचं जेवलो मी, पण राग तसाच.

मी गाडी पुढे आणली. एरवी डिलिव्हरीला हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, असा सगळा थाट असायचा. पितृपक्षात आमच्याकडे यातलं काहीच नसायचं. मी म्हटलं, "अण्णा, आजच्याऐवजी दोन दिवसांनी नेली असती तर? पैसे भरलेत, आता कुणी हात लावणार नाही."

"न्हाई," तो म्हणाला. "आजच पायजे. आज चौदस. जी हत्यारानं गेली त्यांचा दिस. बाकीच्यांची त्यांची त्यांची तिथ असती, ह्यांची आजच." मग जरा थांबून म्हणाला, "गेल्या वरसाला त्याला आवडायचं ते रांधलं. पन त्याला खरं आवडत हुतं ते न्हवतं देता आलं."

मी टाकी पुसायला लागलो. त्याने विचारलं, "तुमी बघितला हुता व्हय त्याला? नंबर लावाय आल्ता तवा? उंच हुता. वरडून बोलायचा."

मी आठवून बघितलं. खूप आठवून बघितलं. तांबडीभोवती अशी किती पोरं यायची. टाकीवरून हात फिरवायची, मूठ पिळून बघायची, 'किती पळते हो' विचारायची, आणि मी 'हात काढा' म्हणून खेकसायचो. त्यातलाच एक असणार. हो म्हणावं म्हणून तोंड उघडलं, पण जमलं नाही. "नाही आठवत अण्णा," मी म्हटलं. "लई पोरं यायची."

"येत असत्याल," तो म्हणाला.

त्याला चालवता येत नव्हती. अशा गिऱ्हाइकाची गाडी मिस्त्रीने घरपोच करायची आमच्याकडे पद्धतच होती. येताना एसटीने यायचं, भाडं शेठ द्यायचे. मी त्याला मागे बसवलं, पाय कुठे ठेवायचे ते दाखवलं, सायलेन्सर तापतो तर धोतर सांभाळा म्हणून सांगितलं. त्याने माझे दोन्ही खांदे धरले आणि आम्ही औरंगाबाद रस्त्याला लागलो.

इथे थोडं गाडीचं सांगायला हवं. नवं इंजिन म्हणजे नव्या नवरीसारखं. आत दट्ट्या आणि सिलिंडर यांची एकमेकांना सवय व्हायची असते. पहिले काही शे मैल हळू चालवायची, घाटात तिला दम खाऊ द्यायचा. पळवली की आत घासते आणि मग जन्मभर ती गाडी मनासारखी पळत नाही, नाहीतर जागेवर जाम होते. मी गिऱ्हाइकांना हे इतकं बजावायचो की लोक वैतागायचे. पळवून जाम झालेली गाडी कुणी परत आणली की त्याला चारचौघांत अशा शिव्या घालायचो की त्याने पुन्हा तोंड दाखवू नये.

तेव्हा जेऊर गेलं, इमामपूरचा घाट उतरलो, पांढरीपूल मागे पडला, तरी मी आपला बैलगाडीच्या चालीने. पुढे रस्ता सरळ. दोन्ही बाजूंना बाजऱ्या उभ्या. म्हातारा आता माझ्या कानाजवळ तोंड आणून म्हणाला, "पोरा, ही हेवढीच पळती का?"

मी म्हटलं, "नाही अण्णा. लई पळते. पण नवीन इंजिन आहे. सुरुवातीला जपावं लागतं."

"कुनासाठी?"

मी गाडी बाजूला घेतली. मला पुढचं दिसेना म्हणून. डोळे पुसले, मागे वळून काही बघितलं नाही. म्हटलं, "घट्ट धरा."

आणि पिळली मूठ. आयुष्यात नवी गाडी मी तशी कधी चालवली नाही, आधी नाही आणि नंतर नाही. काटा ऐंशीवर गेला, नव्वदवर गेला, शंभर ओलांडला. दोन सायलेन्सरांचा आवाज एक झाला. खाली इंजिन गुडघ्याला चटके देत होतं, माझ्या सगळ्या शिकण्याच्या विरुद्ध मी तिला पळवत होतो, आणि मला वाटत होतं, आत्ता जाम होईल, आत्ता होईल. झाली नाही. माझ्या खांद्यांत म्हाताऱ्याची बोटं रुतली होती. तो मागे काहीतरी ओरडत होता. मला वाटलं, घाबरला, थांब म्हणतोय. वेग कमी केला तेव्हा ऐकू आलं. तो पोराचं नाव घेत होता. भानुदासा, भानुदासा, एवढंच.

फाट्यावर आत वळलो. म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी आलं होतं ते वाऱ्याने कानांपर्यंत गेलं होतं. "लई पळती," तो म्हणाला. "नंबर लावून थांबला हुता, ते बराबर हुतं त्याचं."

घर रस्त्यालगतच. गाडीच्या आवाजाने बाई धावतच दारात आली. हाताला पीठ तसंच. धुरळ्याने माखलेला एक जवान माणूस तांबड्या गाडीवरून उतरतोय हे तिने बघितलं आणि उंबऱ्यावरच थबकली. क्षणभरच. मग पदर सावरला. मला बघून क्षणभर तसं वाटणं त्या माउलीच्या वाट्याला यायला नको होतं, मला गाडीखाली शिरावंसं वाटलं.

म्हाताऱ्याने फक्त एवढंच सांगितलं, "मिस्त्री हाय. हेनीच आनली."

ती गाडीजवळ आली नाही. लांबूनच बघत राहिली. मी किल्ली म्हाताऱ्याच्या हातात दिली आणि निघतो म्हणालो, फाट्यावर एसटी मिळेल म्हणालो.

बाईने विचारलं, "लगीन झालंय का तुजं?"

"नाही."

"वय?"

मी सांगितलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मान खाली घातली.

आमच्याकडे पितर जेवू घालताना गेलेल्याच्या जागी माणूस बसवतात. बहुतेक भाऊकीतला. गेलेला म्हातारा असेल तर म्हातारा, पोरसवदा असेल तर पोरसवदा. त्याला पाटावर बसवायचं आणि त्या एका जेवणापुरता तोच तो, असं समजून वाढायचं. त्यांच्या भाऊकीतलं त्या वयाचं पोर त्या वर्षी गावात नव्हतं. पान वाढून झालं होतं आणि पाट रिकामा होता.

"हातपाय धू," बाई म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, माझे हात काळे आहेत. ऑइल निघत नाही."

"त्याचंबी असंच असायचं. बस."

मी बसलो. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी, कढी, वडे, खीर. म्हाताऱ्याने माझ्या पानाभोवती पाणी फिरवलं आणि भिंतीला टेकून बसला. मी जेवायला लागलो. भूक नव्हती, पण त्या घरात त्या दिवशी ते पान टाकायची माझी काय बिशाद होती? संपलं की ती वाढायची. भाकरी संपली की भाकरी, खीर संपली की खीर. एरवी पंगतीत माणूस हात आडवा धरतो, पुरे म्हणतो. माझा हात वर होईना. मी पुरे म्हटलं असतं तर मला उठावं लागलं असतं.

ती समोर बसून बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. एकदाच म्हणाली, "हळू खा. कुटं जायाचं न्हाई तुला."

मी मान हलवली आणि पुढे पान केलं.